भिंतच उरली नसेल तर मध्ययुगीन घर ओळखतात कसं?

भिंतीपेक्षा जमीन जास्त बोलते. लाकडी खांब कुजला तरी त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती भरते. वरून पाहिलं की काळपट गोल डाग ओळीत दिसतात, आणि तीच घराची मांडणी. आपल्या चाळीत कशी फरशीवर फरशी चढते, तशी तिथे चोपलेल्या जमिनीवर जमीन. प्रत्येक थर वेगळा सोलायचा. घाई केली की संपलं, कारण खोदलेला थर परत मांडता येत नाही.

खरा खजिना मात्र संडासाचा खड्डा! हसू नका. इंग्लंडमधल्या यॉर्कला कॉपरगेट इथे १९७६ ते १९८१ खोदकाम झालं. ओलसर, हवाबंद मातीमुळे दहाव्या शतकातल्या घरांचं लाकूड, चामडं, फळांच्या बिया, जंतांची अंडीसुद्धा टिकली होती.

कोकणातल्या हवेत लाकडाची एवढी आशा नको. खापरं आणि विहिरी बघा. जवळचं उदाहरण गुजरातमधलं संजाण, उंबरगावच्या पुढचं स्टेशन. तिथे २००२ पासूनच्या उत्खननात भाजलेल्या मातीची गोल कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी आणि पश्चिम आशियातली निळसर-हिरवी झिलईची खापरं निघाली.