आपल्याकडे ज्वालामुखी नाही, मग शाळेतल्या मुलांना तो दाखवायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे : 'मी सांगली जिल्ह्यात सातवीला विज्ञान शिकवते. ज्वालामुखी म्हटलं की मातीचा डोंगर करून त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओततो, मुलं टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. यावर संशोधन करणारी माणसं शाळेत येऊन नेमकं काय सांगतात?'

मॅडम, मी साताऱ्यात राहतो, सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांवर काम करतो आणि सवड मिळेल तसा शाळांमध्ये जातो. सुरुवातीला मीसुद्धा हवाई बेटांवरच्या उद्रेकाचे व्हिडिओ दाखवायचो. एका शाळेत असाच तासभर बोलून निघालो होतो, तेवढ्यात सहावीतली एक मुलगी मागून आली आणि म्हणाली, "सर, मग अजिंक्यताऱ्याचं तोंड कुठंय?" आपल्या भोवतीचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी, अशी तिची समजूत झाली होती. चूक तिची नव्हती. वर तोंड असलेला डोंगर, एवढंच चित्र मी तिच्यापुढे ठेवलं होतं.

आपल्याकडे घडलं ते अगदी उलट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येऊन सपाटीवर दूरवर पसरला. तो निवला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाबळेश्वरच्या बाजूला थरांची उंची किलोमीटरच्या वर जाते. पुढे कृष्णा, वेण्णा, कोयना आणि त्यांच्या ओढ्यांनी हे सगळं कापून काढलं. म्हणजे अजिंक्यतारा उभा राहिलेला नाही, भोवतालचं वाहून गेलं आणि तो उरला. हे एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं की खिडकीतून दिसणारा डोंगरच त्यांचा धडा होतो. डोंगराच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात, त्यांवरूनच या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडलं. स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून ते आलं आहे.

आता सोड्याऐवजी मी धिरडी नेतो. खरंच. धिरड्याचं पीठ तव्यावर ओतलं की आपोआप पसरतं, तसाच हा पातळ लाव्हा पसरला. धिरड्याला वरच्या अंगाला जाळी पडते ना? लाव्हातला वायूही असाच वर चढला आणि थराच्या माथ्याजवळ बुडबुडे तसेच गोठले. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत पांढरी, हिरवट खनिजं भरली. दोन धिरड्यांच्या मध्ये मी लसणाची लाल चटणी लावतो. ती चटणी म्हणजे दोन थरांमधली तांबडी माती : एक लाव्हा निवून बराच काळ उघडा पडला, त्याची माती झाली आणि वरून नव्या लाव्हाने ती भाजून काढली. अशी सात-आठ धिरडी रचून सुरीने मधोमध खाच पाडायची. ती खाच म्हणजे वेण्णा नदी. मुलं वाकून वाकून थर मोजतात आणि मग खातात.

तुमच्याकडे तर याहून सोपं साधन आहे, ते म्हणजे विहीर. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसाला वर्गात बोलवा. वर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा, खाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण, हा क्रम त्याला तोंडपाठ असतो. एका गावात असे एक आजोबा बोलत होते आणि मी फळ्यावर त्यांच्या शब्दांशेजारी शास्त्रीय नावं लिहीत गेलो. मला त्या दिवशी वेगळं काही सांगावंच लागलं नाही. विहीर मात्र कठड्याबाहेरूनच दाखवा, आणि ओढ्यातल्या वाळूत लोहचुंबक फिरवायला सांगा. चुंबकाला काळे कण चिकटून येतात, तो याच खडकातला मॅग्नेटाइट. सांगलीची काळी रानंही याच खडकाची झीज होऊन बनली आहेत.

वाईच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जगभरच्या शोधनिबंधांत या थरांच्या वरच्या गटाला 'वाई उपगट' म्हणतात आणि त्यातल्या थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी नावं आहेत. आपल्या गावाचं नाव ऐकून त्यांची मान ताठ होते.

मोठी माणसं विचारतात तो प्रश्न वेगळा असतो. पाटणकडे गेलो की कोणीतरी हळूच विचारतंच, "साहेब, जमीन हलते म्हणजे खाली लाव्हा उकळतोय का?" ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात ही भीती अजून आहे. तिथे घाईने उत्तर देऊ नये, बसून बोलावं. कोयनेचे धक्के खडकातल्या जुन्या भेगा सरकल्याने बसतात आणि धरणातल्या पाण्याशी त्यांचा संबंध आहे. कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे १,२५० मीटरनंतर लाव्हाचा खडक संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना खडक लागला. उकळतं काही नव्हतं. देशातला जागता ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर आहे. लाव्हाचा खडक १,२५० मीटरला संपतो हे ऐकून एका आजींनी मला दोनदा विचारलं, "संपला म्हणता ना?" मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

तुमची शाळा कुठल्या गावात आहे ते कळवा. पावसाळ्यात दरडींजवळ मुलांना नेऊ नका, दिवाळीनंतर ठरवू. येताना भिंग आणि फोडलेले दगड मी आणतो. धिरड्यांचं तेवढं तुम्ही बघा, चाळीस मुलं असली तर पाच चळती पुरतात.