पवनचक्क्या येण्याआधी डॉल्फिन मोजायचे

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचा डॉल्फिनवर होणारा परिणाम, हा विषय प्रकल्पासाठी घ्यावासा वाटतो. पण आपल्या कोकणच्या समुद्रात एकही पवनचक्की नाही. मग अभ्यास कशाचा करायचा?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पवनचक्की नाही, हेच तुमच्या पथ्यावर पडलं आहे. अशा अभ्यासाला चार नोंदी लागतात : प्रकल्पाच्या जागी आधी आणि नंतर, आणि तिच्यासारख्याच पण प्रकल्प नसलेल्या जागी आधी आणि नंतर. ‘आधी’ची नोंद मागाहून कुठूनही आणता येत नाही. गुजरात आणि तमिळनाडूजवळच्या प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी केंद्र सरकारनं २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केलं आहे. उद्या कोकणाचा नंबर लागला, तर तेव्हा धावाधाव करून उपयोग नाही. मात्र प्रबंधाच्या नावात ‘पवनचक्क्यांचा परिणाम’ लिहू नका. ‘मालवण परिसरातला डॉल्फिनचा वावर’ पुरे. नाहीतर आम्हाला विचारलात तोच प्रश्न तोंडी परीक्षेत तुम्हाला विचारतील.

किनाऱ्यालगत मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन दिसतील, क्वचित पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा छोटा नातलग. बोट किनाऱ्याला समांतर नेऊ नका; नागमोडी आत-बाहेर न्या, म्हणजे उथळ आणि खोल पाणी दोन्ही मोजलं जाईल. वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. एक जण डावीकडे बघणार, एक उजवीकडे, तिसरा फक्त लिहिणार. लाटांवर पांढरा फेस फुटू लागला की मोजणी थांबवा. पॉरपॉइज तेव्हा समोर असूनही दिसत नाही.

कळप दिसताच त्याचं अंतर आणि बोटीच्या दिशेशी होणारा कोन लिहा. अंतर ३०० मीटर आणि कोन ३० अंश असेल, तर मार्गापासूनचं लंब अंतर १५० मीटर. इथेच बऱ्याच जणांची गाडी घसरते. साधारण समोर दिसलेला कळप सरसकट ‘शून्य अंश’ म्हणून लिहिला जातो, मार्गावरच गर्दी असल्याचा भास होतो आणि एकूण संख्या फुगते. फळीवर कोनमापक ठोकून कोन वाचा, अंदाज नको. या पद्धतीनं घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती डॉल्फिन, हे काढायला ६० ते ८० कळपांच्या नोंदी तरी हव्यात. एका सत्रात त्या जमणार नाहीत. तेव्हा दर किलोमीटरमागे किती कळप, एवढंच सांगा. काहीच दिसलं नाही त्या दिवसाचे किलोमीटरही वहीत आले पाहिजेत. पावसाळ्यात बोटी बंद असतात, हे वेळापत्रकात धरा. आणि सागरी अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. पाण्याखाली आवाज टिपणाऱ्या रेकॉर्डरसाठी डबी बनवून मागितली आहे. २० मीटर खोल ठेवणार म्हणतात. काय काळजी घ्यावी?
– एक वर्कशॉपवाले

उत्तर : २० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो जादा दाब येतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर तो दीडशे किलोहून जास्त भरतो. दाब झाकण घट्टच बसवतो. डबी गळते ती ओ-रिंगपाशी, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्यापाशी. ३ मिलिमीटर जाडीच्या रिंगला २.४ खोल आणि ४ रुंद खाच ठेवा. रिंग २० टक्के दबते आणि पसरायला जागाही उरते. खाचेत टूलचे ओरखडे राहू देऊ नका. वाळूचा एक कण किंवा केसही पुरतो, म्हणून बंद करताना रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस थापू नका, वाळू चिकटते.

नेहमीचं ३०४ स्टील समुद्रात खड्डे पडून खराब होतं, आणि ॲल्युमिनियमच्या डबीला स्टीलचे बोल्ट लावले तर ॲल्युमिनियम झिजतं. डेलरिन या टणक प्लास्टिकचा गोल रॉड घ्या, बोल्ट ३१६चे. आत कोरडा टिशू पेपर ठेवून, यंत्राशिवाय, वजन बांधून खोल विहिरीत २४ तास सोडा. कागद दमट निघाला तर रिंग बदलून पुन्हा.

गिऱ्हाइकाला हेही विचारा : टिपायचं काय आहे? पॉरपॉइजची टिकटिक १३० किलोहर्ट्झच्या आसपास असते; त्यासाठी सेकंदाला ३,८४,००० नमुने घ्यावे लागतात. सोळा बिटमध्ये दिवसाला ६६ जीबी होतात. अर्ध्या तासात पाचच मिनिटं टिपलं तर ११. बॅटरीची जागा त्यावर ठरते. आणि डबी साखळीनं बांधू नका, दोरीनं बांधा. साखळीची खणखण प्रत्येक फाइलमध्ये येते.

प्रश्न : जर्मनीत पवनचक्कीचा खांब ठोकताना १६० डेसिबलची परवानगी आहे, असं वाचलं. एवढ्यानं मासे बहिरे होणार नाहीत का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल वेगळे. संदर्भदाब, म्हणजे ज्याच्या तुलनेत आवाज मोजतात तो दाब, वेगळा; माध्यम वेगळं. ढोबळ हिशेबानं पाण्याच्या आकड्यातून ६२ वजा केल्यावर हवेशी तुलना होते. जर्मनीतली मर्यादा ठोक्यापासून ७५० मीटरवर मोजतात. ती पाळण्यासाठी समुद्रतळावर खांबाभोवती भोकं पाडलेली नळी टाकून तिच्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा आवाज अडवतो. असा पडदा नसताना डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह २ या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पात खांब ठोकताना पॉरपॉइज सुमारे १८ किलोमीटरपर्यंत कमी झाले होते. ठोकणं थांबल्यावर ते परतले. खांबाजवळ मात्र परतायला एक ते तीन दिवस लागले. पाती फिरतानाचा आवाज याच्या मानानं किरकोळ असतो.