मोफत गॅस जोडणी मिळूनही घरात चूल का पेटते?

जोडणी मोफत मिळूनही गरीब कुटुंबे पुन्हा चुलीकडे का वळतात आणि विकसनशील देशांनी स्वयंपाकाचा गॅस सर्वांपर्यंत पोहोचवण्यासाठी नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. नाशिक जिल्ह्यातील एका गॅस वितरकाकडे मी बारा वर्षे हिशेब पाहिला आणि पेठ व सुरगाणा तालुक्यांतील ग्राहकांच्या नोंदी बराच काळ माझ्याकडे होत्या. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की खरी अडचण पहिल्या टाकीची नसून चौथ्या-पाचव्या टाकीची आहे, आणि बहुतेक सरकारी योजना पहिल्या टाकीपाशीच थांबतात.

गरीब घरांतील स्त्रियांना मोफत गॅस जोडणी देणारी केंद्र सरकारची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. सप्टेंबर २०१९ पर्यंत तिने आठ कोटी जोडण्यांचा टप्पा गाठला आणि पुढे ही संख्या दहा कोटींच्या वर गेली. काम मोठेच आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्डे पदरात बांधून सकाळी आठपासून आमच्या दारात बसलेल्या बायकांची रांग मी पाहिली आहे. मात्र पुढच्या अडचणीचे मूळ पहिल्या टप्प्याच्या रचनेतच होते. सरकार प्रत्येक जोडणीमागे जे १६०० रुपये देत असे, ते सिलिंडरची १२५० रुपये अनामत, रेग्युलेटर, नळी, पुस्तक आणि जोडणीचा खर्च यांतच संपत. शेगडी आणि पहिली भरलेली टाकी बहुतेक कुटुंबांनी कर्जाऊ घेतली आणि त्या कर्जाची वसुली पुढच्या टाक्यांवरील अनुदानातून होत असे. म्हणजे जिला अनुदानाची सर्वांत अधिक गरज होती, तिलाच सुरुवातीच्या टाक्या पूर्ण दराने पडत होत्या. २०१८ मध्ये ही वसुली सहा टाक्यांपुरती पुढे ढकलण्यात आली आणि २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी व पहिली टाकी मोफत करण्यात आली. तोपर्यंत ‘गॅस आपल्याला परवडणारा नाही’ हे अनेक घरांत ठरून गेले होते.

टाळेबंदीच्या काळात तीन टाक्यांचे पैसे सरकारने दिले, तेव्हा वर्षभर फिरकलेही नव्हते असे ग्राहक नंबर लावण्यासाठी फोन करू लागले. त्यानंतर अनुदान जवळजवळ बंद झाले, ते मे २०२२ मध्ये उज्ज्वलाधारकांसाठी टाकीमागे दोनशे रुपये म्हणून परत आले आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे झाले. देशभरात उज्ज्वला ग्राहकाच्या टाक्यांची वार्षिक सरासरी २०१९-२० मध्ये तीनच्या आसपास होती आणि २०२४-२५ मध्ये ती साडेचारच्या जवळ पोहोचली. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर किमान आठ टाक्या लागतात, हे लक्षात घेतले तर चूल किती घरांत अजून पेटते आहे याचा अंदाज येईल.

एका तक्रारीसाठी डिलिव्हरीवाल्या मुलाबरोबर मी पेठ तालुक्यात घाटाखालच्या एका घरी गेलो होतो. शेगडी फळीवर ठेवलेली होती आणि तिच्यावर येताना चढवलेले प्लॅस्टिक बाजूंनी अजून तसेच होते. आमच्यासाठी चहा गॅसवर झाला, पण नागलीची भाकरी शेजारी चुलीवरच्या खापरावर भाजली जात होती आणि आंघोळीच्या पाण्याचे भगुणेही तिथेच होते. चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या फळीवर, पुढच्या पेरणीचे बियाणे ठेवलेले होते, कारण धुरामुळे त्याला कीड लागत नाही. “पावसात लाकडं ओली असली की भात गॅसवर करते, एरवी चहापुरता ठेवते,” असे त्या बाई म्हणाल्या. पुस्तकात वर्षभराच्या तीन नोंदी होत्या. आमच्या कार्यालयातील कागदांवर त्या ‘स्वच्छ इंधन वापरणाऱ्या ग्राहक’ होत्या. त्यांच्याविषयी ‘अजून जाणीव नाही’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांचा मला तेव्हाही राग येत असे, कारण धुराने डोळे चुरचुरतात हे त्या बाईंना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

प्रश्न हातात एकाच वेळी किती पैसे असतात याचा होता. मजुरी आठवड्याने मिळते आणि बाजारात संपते, १४.२ किलोची टाकी मात्र पूर्ण रक्कम मोजून घ्यावी लागते आणि अनुदान मागाहून खात्यात येते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिची किंमत अकराशे रुपयांच्या घरात गेली होती. महाराष्ट्रात २०२४ पासून अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत मिळतात, पण तेथेही पैसे आधी भरून नंतर खात्यात येण्याचीच पद्धत आहे. लाकडासाठी रोख द्यावी लागत नाही, बाईचे दोन-तीन तास जातात, आणि ते कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

दुसरी अडचण अंतराची. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास भरते. ती घरपोच द्यावी असा नियम आहे, पण आमच्याकडचा टेम्पो बाजाराच्या दिवशी मोठ्या रस्त्यावर उभा राही आणि पाड्यावरची माणसे टाकी खांद्यावर किंवा मोटारसायकलला आडवी बांधून नेत. मालकांना मी हे दोनदा लेखी कळवले. डिझेलचा खर्च निघत नाही, एवढेच उत्तर मिळाले आणि हिशेब माझ्याकडेच असल्याने ते सर्वस्वी खोटे नव्हते हेही मला ठाऊक होते.

त्यात याच तालुक्यांतील हजारो कुटुंबे छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर राहायला जातात. जोडणी गावच्या पत्त्यावर राहते आणि बागेच्या कडेच्या शेडमध्ये तीन दगडांवर, छाटलेल्या काड्या जाळून स्वयंपाक होतो. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरेसे करण्यात आले, हा त्यातील मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला बदल आहे.

इतर देशांचे अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. इंडोनेशियाने २००७ पासून रॉकेलचे अनुदान काढून तीन किलोच्या लहान टाकीवर दिले आणि पाच कोटींहून अधिक कुटुंबांना शेगडीसह संच वाटले. टाकी एका हाताने उचलता येते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि तिला लागणारे पैसे दोन दिवसांच्या कमाईतून उभे राहू शकतात. तेथे लोक वळले ते मुख्यतः रॉकेलकडून. लाकूड फुकट मिळणाऱ्या खेड्यांत चूल टिकून राहिली, आणि लहान टाकीचे अनुदान सधनांनीही खाल्ले, ही त्या योजनेची उणी बाजू आहे. घानाने ग्रामीण भागात सहा किलोच्या टाक्या व शेगड्या मोफत वाटल्या, पण भरून घेण्याचे केंद्र दूर असल्याने बहुतेक घरांत त्या काही महिन्यांत पडून राहिल्या. केनियाने २०१६ मध्ये गॅसवरचा मूल्यवर्धित कर हटवला, २०२१ मध्ये तो १६ टक्के पुन्हा लावला, मग ८ टक्क्यांवर आणला आणि शेवटी २०२३ मध्ये पुन्हा काढून टाकला. अशा धरसोडीत गरीब घराने चूल मोडावी अशी अपेक्षाच करता येत नाही.

याउलट ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपला तमिळनाडू येथे झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना दीड वर्ष गॅस फुकट आणि दारात पोहोचवला, तेव्हा त्या घरांतील चूल जवळजवळ बंदच झाली. बाळांच्या जन्माच्या वजनात मात्र अपेक्षित फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर असे की, वितरकाला प्रत्येक दुर्गम टाकीमागे वाहतुकीचे वेगळे पैसे द्यावेत, अनुदान टाकी घेतानाच किमतीतून वजा करावे आणि पाच किलोची टाकी पाड्यावरच्या किराणा दुकानात ठेवावी. उज्ज्वलाच्या ग्राहकाला मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची टाकी, त्या प्रमाणातील अनुदानासह, घेण्याची सोय आपल्याकडे आहेच. माझ्या बारा वर्षांत ती मागायला आलेले ग्राहक मी बोटांवर मोजू शकतो, कारण अशी सोय आहे हे आमच्या काउंटरवरून आम्हीच कोणाला सांगत नव्हतो.