उरलेला भात, फणसाची भाजी, सुरमई: सगळं एकाच बेकमध्ये घालू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडच्या घरी मे महिन्यातले पाहुणे येऊन गेले. फ्रीजमध्ये उकड्या तांदळाचा भात, कच्च्या गऱ्यांची भाजी, तळलेल्या सुरमईच्या तुकड्या आणि थोडं बांगड्याचं तिखलं उरलंय. पावही कडक झालेत. मागे राहिलेल्या भाच्यांना चीजवालं काहीतरी हवंय, आणि मागच्या खेपेला सगळं एकत्र करून केलेल्या बेकने ताटात पाणी सोडलं.

पाणी सुटणारच. भाजीतला आणि कालवणातला ओलावा चीजच्या थराखाली अडकतो आणि पंचवीस मिनिटांत तो उडून जात नाही. ओव्हन आटवायचं काम फार हळू करतो, ते काम कढईचं. आणि दुसरं म्हणजे, एका बेकमध्ये उरलेला मुख्य पदार्थ एकच असावा. भात खाली चालेल, पण वर भाजी तरी किंवा मासा तरी. फणस आणि सुरमई एकत्र घालून कोणाचंच भलं होत नाही. सॉस मात्र ताजा करायचा आणि वरचा कुरकुरीत थरही. शिळ्याला शिळंच जोडलं की मुलं बरोबर ओळखतात.

आधी तिखलं बाजूला काढा. त्यात आमसूल आहे, ते दुधाच्या सॉसमध्ये गेलं की सॉस फाटतो. शिवाय तिरफळाचं एक टरफल जरी मुलाच्या दाताखाली आलं, तरी त्याची जीभ बधिर होईल आणि ते पुन्हा तुमच्या बेकला हात लावणार नाही. तिखलं दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर जास्त मुरलेलं लागतं, त्याला ओव्हन दाखवायची गरजच नाही. बांगडा उन्हात किंवा ओट्यावर बराच वेळ राहिला असेल तर मात्र मोह सोडा. या जातीच्या माशात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी नष्ट होत नाही. खाल्लं की तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात.

भाताचंही तसंच. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजल्यावरही जिवंत राहतात, आणि कोमट भात तासन्‌तास तसाच राहिला की ते विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा दुपारचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात झाकून ठेवलेला असेल तर तो बेकसाठी नको, आणि खायलाही नको. पुढच्या वेळी पंगत उठली की उरलेला भात परातीत पसरा आणि वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये टाका. उकड्याचा भात या कामाला फार चांगला. दाणा सुटा राहतो, सॉस पिऊनही लगदा होत नाही. कोलमचा मऊ भात असेल तर सॉस थोडा कमी घ्या.

आता सुरमईचं बेक, कारण भाच्यांना तेच आवडेल. तुकडीचा मधला काटा काढा, कातडी काढा, आणि मांस बोटांनी सोडवताना प्रत्येक पाकळी चाचपून बघा. बारीक काटा नजरेला दिसत नाही, बोटाला लागतो. वरचं रव्याचं कुरकुरीत आवरण फेकू नका. ते सॉसमध्ये गेलं तर चिखल होतो, म्हणून वेगळं काढून चुरा, पावाच्या चुऱ्यात मिसळा आणि वर पसरा. तळणीतलं तिखट-मीठ त्यात आधीच असतं, त्यामुळे वरच्या थराला वेगळा मसाला लागत नाही. माझ्या सासूबाईंना हे बेक प्रकरण मुळीच पसंत नाही, 'ह्यां काय केलंस गो?' हे ठरलेलं, पण तो वरचा थर त्या चमच्याने खरवडून खातात.

सॉसला दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा मंद आचेवर परता. कच्चा वास जाऊ द्या, रंग बदलू देऊ नका. मग दीड कप दूध थोडं थोडं घालत ढवळा. पळीच्या मागे थर धरून राहील आणि बोट फिरवलं तर रेघ तशीच टिकेल इतकं दाट हवं. दूध नको असेल तर नारळाचा जाड रस घ्या. पण नुसता रस उकळला की फुटतो, म्हणून कपभर रसाला एक सपाट मोठा चमचा तांदळाचं पीठ आधी थोड्या थंड रसात कालवून घाला, आणि एक उकळी आली की गॅस बंद. सुरमईला मला हाच सॉस जास्त आवडतो. त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, बस. मीठ शेवटी चाखून घाला, तळलेल्या माशात ते आहेच.

भाजीचं बेक करायचं तर गऱ्यांची भाजी कढईत कोरडी होईपर्यंत परता, मग दुधाचा सॉस. त्या भाजीत ओलं खोबरं असतं आणि मेच्या उकाड्यात तेच आधी आंबतं. वास घ्या, जीभ लावून बघा, शंका आली तर भाजी गुरांना.

थर लावताना खाली भात, त्यावर मासा, वर सॉस. भातातही दोन-तीन चमचे सॉस कालवा, नाहीतर तळाचा भात कोरडाठक होतो. थर दोन बोटांपेक्षा जास्त जाड नको. चीज घालायचं तर किसून मूठभर, चुऱ्याच्या खाली. नेहमीचं चौकोनी प्रोसेस्ड चीज मोझरेलासारखं तार धरणार नाही, भाच्यांना आधीच सांगून ठेवा. काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं.

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं तापवा, मधल्या जाळीवर पंचवीस मिनिटं, शेवटची पाच मिनिटं वरचा रॉड. कडेला बुडबुडे आले म्हणून काढू नका, ते आधी येतातच. मधोमध सुरी खुपसून दहा सेकंद थांबा आणि पातं मनगटाला टेकवा. चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश हवेत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या, सॉस बसतो आणि वडीसारखे तुकडे पडतात. उरलेलं एकदा गरम झालं, आता परत उरवू नका. म्हणून भांडं लहानच घ्या.

लाईट गेली तर काय, हेही तुम्ही विचारलंय. धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करतात तसं जाड पातेलं, झाकणावर निखारे, खाली मंद जाळ. चूल असेल तर याच्यासारखं काही नाही, वरूनही खरपूस होतं. नुसता गॅस असेल तर तव्यावर पातेलं ठेवा, झाकण लावा, बारीक आचेवर अर्धा तास. वरून रंग येणार नाही, कारण वरून आच नाही आणि वाफेचं पाणी खाली पडतं. झाकणाला आतून फडकं बांधा, आणि चुरा पातेल्यात न घालता वेगळ्या कढईत तुपावर तांबूस भाजून ठेवा. वाढताना प्रत्येकाच्या ताटात वर भुरभुरा.