जहाज परत येतं, पण आपण देश सोडलेला असतो

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवासाची कागदपत्रं

प्रश्न : ताई, मी वेकोलितून (कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीतून) निवृत्त झालो, वय ६८. मी आणि माझी पत्नी डिसेंबरमध्ये मुलाकडे फ्लोरिडाला जातो आहोत. तिथून त्यानं चार रात्रींचं क्रूझ ठरवलं आहे. पोर्ट कॅनाव्हेरलहून निघायचं, बहामासमध्ये नासाऊला थांबायचं आणि परत पोर्ट कॅनाव्हेरललाच यायचं. मुलगा म्हणतो, "बाबा, ही क्लोज्ड लूप क्रूझ आहे. पासपोर्टही लागत नाही, माझ्या ऑफिसातले लोक नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन येतात." आम्हा दोघांकडे दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा आहे. मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आणि सून एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. दोघांना मुदतवाढ मिळाली, पण पासपोर्टवरचा व्हिसा गेल्या वर्षीच संपला. नात सहा वर्षांची, जन्म तिकडचाच. तिचा पासपोर्ट संपून दोन महिने झाले. आम्ही पाचही जणांनी निर्धास्त जायचं का? – मा. गो., प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही भाऊ, असे नका जाऊ. तुमचं पत्र वेळेत हाती आलं म्हणून मला फार हायसं वाटलं. या सहलीत सगळ्यात मोठी अडचण तुम्हाला नाही, नातीलाही नाही. ती तुमच्या मुलाला आणि सुनेला आहे, आणि त्यांनाच तिची कल्पना दिसत नाही.

मुलगा सांगतो ती सवलत खरी आहे, पण ती अमेरिकी नागरिकांसाठी आहे. १ जून २००९ पासून अमेरिकेत जमिनीवरून किंवा समुद्रातून परतणाऱ्या नागरिकांनाही पासपोर्ट किंवा त्याच्या तोडीचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यात एक अपवाद ठेवला आहे. जहाज ज्या अमेरिकी बंदरातून निघालं त्याच बंदरात परतणार असेल आणि मध्ये जवळपासच्याच देशांत थांबणार असेल, तर नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र यावर परत घेतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना जन्मदाखला पुरतो. ऑफिसातले लोक जाऊन येतात ते या अपवादावर. भारतीय पासपोर्टधारकाचा त्या सवलतीशी काही संबंध नाही.

लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते की जहाज जिथून निघालं तिथेच येतं, म्हणजे आपण कुठे बाहेर गेलोच नाही. माझ्या धरमपेठेतल्या ट्रॅव्हल ऑफिसात टेबलापलीकडे बसून सव्वीस वर्षांत कितीतरी जणांनी मला हे ऐकवलं, "मॅडम, आपण तर परतच येऊन राहिलो ना?" परत येतो हे खरं, पण मध्ये देश सोडतो. फ्लोरिडाहून निघणाऱ्या अशा जहाजाला तो सोडावाच लागतो. अमेरिकेत १८८६चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्याच बंदरांमध्ये प्रवासी वाहायचे नाहीत, असं तो सांगतो. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामास, पनामा असल्या देशांत नोंदलेली असतात. म्हणून त्यांना गोल फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. तुमच्या कार्यक्रमात नासाऊ आहे तो याच कारणानं. नासाऊला लागून परतताना तुम्ही अमेरिकेच्या दारात नव्यानं उभे राहता, आणि दारावरचा अधिकारी प्रत्येकाला वेगळा कागद मागतो.

आता मुलाचं बघू. एच-वन-बीची मुदतवाढ म्हणजे अमेरिकेत राहून काम करण्याची परवानगी. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा ही आत येण्याची परवानगी. पहिली चालू आहे, दुसरी संपली आहे. घरून ऑफिस आणि ऑफिसहून घर चाललं होतं तोवर फरक पडला नाही. बाहेर पाऊल टाकलं की पडतो. संपलेल्या व्हिसावर तीस दिवसांच्या आत परत घेण्याची एक तरतूद अमेरिकेत आहे, पण एच-वन-बीवाल्यांसाठी ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. शेजारच्या बेटांची मुभा एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांना आणि एक्स्चेंज कार्यक्रमावर आलेल्यांना. बहामास बेटांत मोडतं. म्हणजे मुलगा-सून नासाऊला गेले, तर परतताना त्यांच्याकडे चालू व्हिसा नाही आणि ही तरतूदही नाही. जहाज कंपनीनं धक्क्यावरच थांबवलं तर तिकिटाचे पैसे जातील. चुकून चढू दिलं तर नोकरी, घर, गाडी, पोरीची शाळा सगळं किनाऱ्यावर आणि ते दोघे पाण्यात, अशी वेळ येईल.

मेक्सिकोचं क्रूझ घेतो असं तो म्हणेल. तिथे आणखी एक पेच आहे. ज्याच्याकडे चालू अमेरिकी व्हिसा आहे त्याला मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. त्याचा तर संपलेला. म्हणून मेक्सिकोच्या बाजूनं त्याला काय लागेल हे जहाज कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्यायचं आणि परतीचं त्याच्या कंपनीच्या वकिलाला विचारायचं. दोन्ही उत्तरं हातात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. देश न सोडता जहाजावर राहायचंच असेल, तर 'प्राइड ऑफ अमेरिका' नावाचं अमेरिकी झेंड्याचं जहाज होनोलुलूहून हवाईच्या बेटांना फेरी मारतं आणि परदेशी बंदराला लागत नाही. फ्लोरिडाहून ते फार दूर आणि महाग पडतं, पण पाच जणांना एकत्र जायचं असेल तर तो रस्ता आहे.

नातीचं त्या मानानं सोपं. परतीला तिला जन्मदाखला चालेल. तरीही तिचा पासपोर्ट आधी नवा करा, असं मी आग्रहानं सांगते. लहान मूल जहाजावर आजारी पडलं आणि नासाऊहून विमानानं परतावं लागलं, तर विमानाला जन्मदाखला चालत नाही. तिथे पासपोर्टच लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नवा काढताना आई-वडील दोघांची संमती लागते. आजच कामाला लागायला सांगा.

आणि तुम्ही दोघं. तुमच्या व्हिसावर 'एन्ट्रीज' या शब्दाखाली एम हे अक्षर आहे का, ते चष्मा लावून बघा. एम म्हणजे कितीही वेळा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट जहाजावर न्या. जुना पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून निघालेल्या दोन जोडप्यांना मी मुंबईच्या गाडीत बसण्याआधी फोन करून परत पाठवलं आहे. अमेरिकेत उतरलात की आय-नाईन्टीफोर ही तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद ऑनलाइन काढून छापून ठेवा. मुक्कामाची शेवटची तारीख तिच्यावर असते, व्हिसावर नाही. बहामासला भारतीय पासपोर्टवर काय लागेल, तेही जहाज कंपनीकडून लेखीच घ्या. फोनवर कोणी "चलता है" म्हटलं तर ते धरून चालू नका.

प्रश्न : आम्ही चार निवृत्त शिक्षिका मे महिन्यात ग्रीसला जाऊन अथेन्सहून चार रात्रींचं क्रूझ घेणार आहोत. मिकोनोस, कुशादासी, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीट, सँटोरिनी आणि परत अथेन्स. शेंगेन व्हिसा मिळाला की बाकी काही लागत नाही ना? – सु. दे., धरमपेठ

उत्तर : सुताई, तुमच्या यादीतलं दुसरं नाव वाचून मी थांबले. कुशादासी तुर्कस्तानात आहे, आणि तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. बाकी सगळी बेटं ग्रीसची. म्हणजे जहाज मिकोनोसहून कुशादासीला गेलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर, आणि पॅटमॉसला लागलं की पुन्हा आत. अथेन्सला उतरताना एक आणि इथे दुसरा, एकाच सहलीत दोनदा प्रवेश.

हे मी २०१४ मध्ये शिकले आणि दुसऱ्यांच्या पैशानं शिकले. वर्धा रोडचं एक जोडपं याच मार्गानं चाललं होतं. त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. पासपोर्ट व्हिसा लागून आले तेव्हा मी नाव बघितलं, तारखा बघितल्या आणि लिफाफ्यात घालून दिले. व्हिसाच्या चिकटपट्टीवर एक छोटी जागा असते, 'नंबर ऑफ एन्ट्रीज'. तिथे ०१ छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही. अथेन्सच्या पिरियस बंदराच्या धक्क्यावर काउंटरवरच्या मुलीनं वाचलं. काकूंचा फोन आला तेव्हा नागपुरात दुपारचे तीन वाजले होते. त्या रडत नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "मॅडम, ते आम्हाले घेत नाहीयेत." त्यांच्या बोलण्यामागून जहाजाचा भोंगा मला फोनमध्ये ऐकू आला. क्रूझचे पैसे परत मिळाले नाहीत. ते दोघं चार दिवस अथेन्समध्येच राहिले, एक दिवस साध्या फेरीबोटीनं जवळच्या एजिना बेटावर जाऊन आले. तो भोंगा मला अजून आठवतो. तेव्हापासून व्हिसा हातात आला की मी भिंग घेऊन आधी ती एक जागा वाचते.

म्हणून अर्जात 'मल्टिपल एन्ट्री'वरच खूण करा. सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहा की जहाज अमुक तारखेला कुशादासीला थांबणार आणि अमुक तारखेला ग्रीसमध्ये परत येणार. क्रूझचा छापील कार्यक्रम जोडा आणि त्यातल्या कुशादासीच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारा. अर्ज बघणाऱ्याला रोज गठ्ठे बघायचे असतात, त्याच्या डोळ्यांसमोर ती ओळ यायला हवी. व्हिसा आला की त्या जागेत 'मल्ट' छापलंय याची खात्री करा. नसेल तर निघण्याआधी बोला.

तुर्कस्तानचंही वेगळं बघावं लागेल. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. पण बंदरावर काही तासच उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशांना तो लागतो का, हे कंपनीला विचारून घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा हवा, ही शेंगेनची अट आहे. पासपोर्टला परतीनंतर तीन महिने मुदत शिल्लक असली तरी शेंगेनला पुरतं, पण जहाज कंपन्या बहुधा सहा महिने मागतात. तेव्हा सहाच धरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही मेमध्ये जाणार, मग मार्चपर्यंत थांबू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं.

प्रश्न : मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझला पासपोर्ट लागतो का? आईचा काढलेलाच नाही. – रा. ठ., मानेवाडा

उत्तर : लागत नाही. देशातल्या देशात आहे, आधार किंवा मतदार कार्ड पुरे. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार आहे का, हे तिकीट घेतानाच विचारा. मात्र तीच फेरी श्रीलंकेला जाणारी असेल, तर आईंचा पासपोर्ट आधी.

प्रश्न : सासूबाईंच्या पासपोर्टवर नुसतं 'शांताबाई' आहे, आडनावाची जागा रिकामी. दुबईहून निघून दुबईलाच परतणारं क्रूझ आम्ही बुक करतो आहोत. मुलगा म्हणतो, काही होत नाही. – नी. का., सक्करदरा

उत्तर : होतं, नीताई. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिराती एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देत नाही. विदर्भातल्या जुन्या पिढीतल्या बायकांचे असे पासपोर्ट मी शेकड्यांनी पाहिले आहेत. त्या काळी फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं "नाव?" आणि त्यांनी नाव सांगितलं, यात त्यांची काही चूक नाही. बुकिंग आज थांबवा. आधार, लग्नाचा दाखला, रेशनकार्ड यांवर आडनाव एकाच स्पेलिंगनं आहे का ते बघा. कुठे वेगळं असेल तर आधी तिथे दुरुस्त करा. मग पासपोर्ट री-इश्यूचा अर्ज करा. ३६ पानांच्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळ हवा असेल तर २,००० जास्त. नवा पासपोर्ट हातात आल्यावर त्यात छापलंय तसंच, एकही अक्षर न बदलता, क्रूझचं तिकीट काढा. दुबईचा व्हिसा मात्र मल्टिपल एन्ट्रीचाच मागा, कारण जहाज मध्ये दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून परत येणार आहे. आणि सासूबाईंना पासपोर्ट सेवा केंद्रात एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. नाव विचारलं की त्या पुन्हा "शांताबाई" एवढंच सांगतील.