भावाचा फोटो, नेत्याचं डिजिटल आणि आईचा हक्क

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका ताईंचं पत्र आलंय. धाकटा भाऊ, लग्न झालेलं नव्हतं, शिये रोडला डंपरनं उडवलं आणि तो जागेवरच गेला. वडील आधीच वारलेत, घरात आई, या ताई आणि थोरले चुलते. डंपर निघाला एका गटाच्या ठेकेदाराचा, मग दुसऱ्या गटाचे नेते रक्षाविसर्जनाला पोरं आणि कॅमेरे घेऊन हजर. दोन दिवसांत पेठेत चार ठिकाणी डिजिटल, म्हणजे मोठे छापील फलक लागले, भावाच्या फोटोच्या दुप्पट नेत्यांचा फोटो, खाली "हा अपघात नव्हे, घातपात!" आई स्मशानात रडताना "कुणी मारलं गं माझ्या पोराला" म्हणाली, तेवढंच कापून म्युझिक लावून रील केलं आणि ते सगळीकडं फिरतंय. उत्तरकार्याच्या दुसऱ्याच दिवशी मोर्चा ठेवलाय. चुलत्यांनी घरच्यांच्या वतीनं संमतीच्या कागदावर सही दिलीय, आता आईची सही मागतायत. तिकडं ठेकेदाराचा माणूस पण येऊन गेला, "अपघातच होता असं लिहून द्या, आपण मिटवून टाकू" म्हणाला. ताई विचारतात, आम्हाला फक्त माणूस गेल्याचं दुःख करायचंय, हे कायद्यानं थांबवता येतं का?

ताई, पहिलं सांगते, आईची सही कुणालाही देऊ नका. नेत्यांना नको, ठेकेदाराला नको, कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. बाकीचं निवांत वाचा.

तुम्ही लिहिलंय की "भावाच्या फोटोवर आमचा हक्क आहे, तो वापरायचा नाही असं कोर्टातनं आणायचं". तुमची भावना शंभर टक्के बरोबर आहे पण नुसत्या त्या मुद्द्यावर कोर्टात गेलात तर अडकाल. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलावरच्या सिनेमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टात दावा लावला होता, 2021 ला स्थगिती मिळाली नाही आणि 2023 ला कोर्टानं स्पष्टच सांगितलं की प्रायव्हसी, प्रसिद्धीचा हक्क हे त्या माणसाबरोबर संपतात, वारसाकडं येत नाहीत. जयललितांच्या भाचीला मद्रास हायकोर्टानं 2021 ला साधारण हेच सांगितलं. बदनामीचं पण तसंच. भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमात मेलेल्या माणसाची बदनामी बसते, पण त्याच्या नावाला काळिमा लागेल असं काही म्हटलेलं पाहिजे आणि घरच्यांचं मन दुखवायचा हेतू पाहिजे. इथं तर नेते त्याला हुतात्मा करायला निघालेत. तुम्हाला त्याचाच जास्त त्रास होतोय हे मला कळतं, पण त्या कलमात ते बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की भावाच्या हक्कावर लढूच नका, जे जिवंत आहेत त्यांच्या हक्कावर लढा. तुमची बाजू तिथं मजबूत आहे आणि ती कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

आधी आई. आई हयात आहे, तो चेहरा तिचा आहे, ते रडणं तिचं आहे. सुप्रीम कोर्टानं 1994 च्या राजगोपाल केसमध्ये सांगितलंय की माणसाला आपल्यापुरतं एकटं राहू देणं हा त्याचा हक्क आहे, संमतीशिवाय त्याच्या खाजगी गोष्टी छापल्या तर नुकसानभरपाई मागता येते, आणि 2017 ला पुट्टास्वामी केसमध्ये नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवली. समोरचे म्हणतील स्मशान सार्वजनिक जागा आहे, तिथं शूटिंगला बंदी कुठाय. नसेल बंदी, पण कुणाच्या तरी मागं उभं राहून सहज व्हिडिओ घेणं वेगळं आणि एका आईचा टाहो कापून त्यावर आपल्या गटाचं चिन्ह लावून ती जणू कुणावर आरोप करत्येय असं दाखवणं वेगळं. पोर गेलेली कुठलीही आई "कुणी मारलं माझ्या पोराला" असंच म्हणते, देवाला म्हणते, नशिबाला म्हणते. तो काय पोलिसांना दिलेला जबाब नाही, आणि तो तसा वापरू नका असं सांगायचा हक्क फक्त आईचा आहे. रील ज्या ॲपवर आहे त्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडं आईच्या नावानं तक्रार टाका, लिंक आणि स्क्रीनशॉट जोडा. त्यांनी ऐकलं नाही तर केंद्र सरकारची अपील समिती आहे, 30 दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. आणि व्हिडिओ टाकणाऱ्याला वकिलाची नोटीस, ती पण आईच्याच नावानं.

आता फोटो. तुम्ही पत्राबरोबर डिजिटलचा जो फोटो पाठवलाय तो मी मोठा करून बघितला. खाली उजव्या कोपऱ्यात झेंडूच्या हाराची एक कड राहिलीय. तुम्ही लिहिलंय की हा दसऱ्याला नव्या गाडीच्या पूजेचा फोटो, तुम्हीच तुमच्या मोबाइलवर काढलेला आणि स्टेटसला ठेवलेला. त्यांनी गाडी कापली, हार पूर्ण कापता आला नाही. ताई, कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणं फोटोचा पहिला मालक म्हणजे तो काढणारा माणूस, फोटोत दिसणारा नव्हे. म्हणजे त्या फोटोच्या मालक तुम्ही आहात! स्टेटसला ठेवला म्हणून मालकी जात नाही. बातमीत फोटो वापरायला कायद्यात थोडी सूट आहे, गटाच्या प्रचाराच्या बोर्डाला ती सूट लागू करता येईल असं मला वाटत नाही. मोबाइलमध्ये ओरिजिनल फाइल असेल, तारीखवेळेसकट, ती डिलीट करू नका, फोन बदलू नका, कुणाकडं रिपेअरला पण टाकू नका. कॉपीराइटच्या तक्रारीवर सोशल मीडियावाले बऱ्याचदा लवकर हलतात असा माझा अनुभव आहे.

चुलत्यांच्या सहीचं तुम्हाला फार टेन्शन आलेलं दिसतंय. ते टेन्शन सोडा. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणं बिनलग्नाच्या मुलाची पहिल्या वर्गातली वारस फक्त आई. बाप असता तरी तो दुसऱ्या वर्गात आला असता, भाऊबहीण त्याच्याही खाली, आणि चुलते तर त्या यादीत बरेच खाली. फौजदारी प्रक्रियेत सुद्धा नवीन नागरिक सुरक्षा संहितेनं "पीडित" मध्ये कायदेशीर वारस धरलाय, म्हणजे परत आईच. चुलते घरात मोठे आहेत, त्यांचा मान आहे, पण आईच्या वतीनं संमती द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही.

तरी चुलत्यांशी भांडू नका हो. तुम्ही लिहिलंय की ते "मागं नेता नसला तर केस दाबतील" असं सारखं म्हणतात. ही भीती खोटी नाही, गरिबाची केस कशी रेंगाळते हे मी रोज बघते. त्यांचा पण पुतण्या गेलाय. त्यांना शांतपणे सांगा की नेत्याशिवाय पण दार आहे. आईच्या सहीनं पोलिसांकडं अर्ज द्या, तपास कुठवर आला हे 90 दिवसांत पीडिताला कळवायचं बंधन पोलिसांवर नागरिक सुरक्षा संहितेच्या 193 कलमानं घातलंय. आणि खरंच घातपाताची शंका असेल, आधी धमकी आली असेल, कुणी काही बघितलं असेल तर ते तपास अधिकाऱ्याला लेखी द्या, पोच घ्या. स्टेजवर बोलून त्याचा पुरावा होत नाही.

उलट त्या "घातपात" शब्दानं तुमचं नुकसान होऊ शकतं, ते नीट समजून घ्या. मोटार अपघात न्यायाधिकरणात आईला भरपाई मागता येते, विमा कंपनी ती देते ती अपघाताची. मुद्दाम ठरवून मारलं असेल तर तो अपघात धरायचा का यावर सुप्रीम कोर्टानं 2000 साली रीटा देवी केसमध्ये बारकाईनं फरक केलाय, मारणं हाच मूळ हेतू असेल तर तो अपघात नव्हे, साधा खून. आता आईनं सही केलेला "हा नियोजित खून आहे" असा कागद विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात पडला तर तो काय करेल? खून असेल तर खून म्हणूनच लढू, मी मागं हटा म्हणत नाही, पण मोर्चाच्या घोषणेसाठी आईनं पुराव्याशिवाय तसं लिहून का द्यायचं? क्लेमला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलीय, तिच्यावर कोर्टात वाद आहेत, तुम्ही त्या वादात न पडता मुदतीतच अर्ज टाका.

ठेकेदाराच्या माणसाचं "मिटवून टाकू" पण तितकंच फोल आहे. निष्काळजीपणानं मृत्यू, न्याय संहितेचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, हा गुन्हा दोघांत बसून मिटवण्यासारखा नाहीच. त्याला तुमच्याकडनं ड्रायव्हरच्या बचावाला कागद पाहिजे, बाकी काही नाही.

नेत्यांनी कॅमेऱ्यासमोर दिलेला 50 हजारांचा चेक परत करावा का असं विचारलंय. कायद्यानं गरज नाही, दिलं ते दिलं, त्याच्या बदल्यात त्यांना आईचा चेहरा आणि घराचं दार मिळत नाही. पण घरात तो चेक डाचत असेल तर आईला विचारून परत करा, बँकेतनं, पत्र लावून. हा निर्णय आईचा.

मोर्चा थांबेल का? खरं सांगायचं तर मोर्चाच बंद करा असा हुकूम मिळणं अवघड, आणि मी तुम्हाला तशी आशा दाखवणार नाही. शिये रोडवर डंपर कसे पळतात हा सगळ्यांचा विषय आहे, त्यावर कुणीही बोलू शकतं, बोललंच पाहिजे. घरचं माणूस गेलं म्हणून तो विषय आपला एकट्याचा होत नाही. पण "कुटुंबाच्या वतीनं" हे शब्द, आईचं रील, तुमचा फोटो, घरासमोर येऊन थांबणं, हे थांबवता येतं. मोर्चाच्या आधी आईच्या सहीनं पोलीस ठाण्यात एक अर्ज द्या, त्यात एवढंच लिहा: "माझ्या मुलाच्या मृत्यूबाबत निघणाऱ्या मोर्चाशी माझा संबंध नाही. माझी संमती घेतलेली नाही. माझ्या वतीनं कुणी दिलेली संमती मला मान्य नाही. मोर्चा माझ्या घरासमोर आणू नये व माझे चित्रीकरण करू नये. तपास कायद्याने व लवकर व्हावा, एवढीच माझी मागणी आहे." शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर ठेकेदाराचा गट उद्या हाच अर्ज नाचवत "घरच्यांची काही तक्रारच नाही" म्हणेल. पोच घ्या, आणि पत्रकार आले तर हीच ओळ, याच्या पुढं एक शब्द नाही.

डिजिटलसाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार, परवानगी आहे का विचारा, बहुतेक नसतेच. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 2017 ला मुंबई हायकोर्टानं बेकायदा फलकांवर कडक आदेश दिलेत, त्याचा उल्लेख करा. स्वतः जाऊन फाडू मात्र नका, भावाच्या मित्रांना पण सांगा, तालमीतली पोरं चिडलेली असतात आणि उद्या गुन्हा त्यांच्यावर पडायचा.

काहीजण म्हणतील कोल्हापुरात गोळ्या घालून खून झालेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांच्या घरच्यांनी तर रस्त्यावर आणि कोर्टात सगळीकडं लढा दिला, तुम्ही गप्प का. 2015 पासून त्यांनी जे केलं ते मोठंच आहे, हायकोर्टानं तपासावर लक्ष ठेवलं ते घरचे कोर्टात गेले म्हणून. पण तो निर्णय त्यांचा होता, त्यांच्या तोंडात कुणी शब्द घातले नव्हते. तुमच्या आईला उद्या, सहा महिन्यांनी, वर्षानं स्वतःहून बोलावंसं वाटलं तर तिनं जरूर बोलावं, आजच्या अर्जानं ते दार बंद होत नाही.

वकिलाच्या फीचं लिहिलंय, तर बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात जिल्हा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. आणि पोलीस किंवा महापालिका हललीच नाही तर आता मुंबईला खेपा नाहीत, ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय.

माझ्याकडं येताना एफआयआरची कॉपी, मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि तुमचा तो फोन घेऊन या. आईला आणायची गरज नाही, वकीलपत्र घरी पाठवून सही आणता येईल.