पहिल्या मुलाखतीआधी काय तयार हवं

गरीब देशांत मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती घेणार असाल, तर प्रश्नावली छापण्याआधी हे ठरवा: उत्तर गंभीर आलं तर त्याच दिवशी कोण काय करणार? पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांतल्या मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याहून जास्त गुण आले, की लगेच धोका तपासायचा: बेत आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का. मग माणसाला एकटं न सोडता पर्यवेक्षकाला फोन. फॉर्म आठवड्याने गठ्ठ्यात तपासणं मला अक्षम्य वाटतं. अशा माणसाला उपचारांसाठी जिथे पाठवणार ते केंद्र आधी स्वतः पाहून या; गरीब देशांत यादीतल्या केंद्रात औषध किंवा डॉक्टर नसणं नवलाचं नाही. मग उपचारांचा आणि प्रवासाचा खर्च बजेटमध्येच धरा.

संशोधनाला निधी देणाऱ्या देशातल्या नीतिसमितीची (संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची) परवानगी पुरत नाही, जिथे काम होणार तिथलीही लागते. गावप्रमुखाचा होकार म्हणजे व्यक्तीची संमती नव्हे. वाचता न येणाऱ्याला माहिती मोठ्याने वाचून दाखवा, समजलेलं त्याच्याच शब्दांत सांगायला लावा, अंगठा घेताना पथकाबाहेरचा साक्षीदार ठेवा.

घरात एकांत क्वचितच मिळतो. कुणी आत आलं तर वळायला आहार-झोपेचे साधे प्रश्न तयार ठेवा, नाहीतर घरातल्या हिंसेबद्दल बोलणारी बाई तुमच्यामुळे संकटात येईल. मुलाखत देणाऱ्याची बुडालेली मजुरी भरून द्या, पण नाही म्हणणं जड जाईल इतकी रक्कम नको. मुलाखतकारांनाही दर आठवड्याला मन मोकळं करायला वेळ द्या.